अर्पणाचे ॲप: हिशेब चोख, आग्रह मात्र जरा जास्त

ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) अर्पणे मोबाइलवरून स्वीकारणारी एक सेवा मी गेल्या काही काळापासून दोन्ही बाजूंनी वापरत आहे: देणारा म्हणून आणि मंडळीच्या हिशेब समितीचा सभासद म्हणून. या सेवेला स्वतःचे ठळक नाव नाही. ज्या मंडळीला ती दिली जाते त्या मंडळीचे नाव आणि चिन्ह लावूनच ती लोकांसमोर येते, म्हणून या परीक्षणात मीही तिला नुसते ‘ॲप’ म्हणणार आहे. पैसे वेळेवर पोहोचतात की नाही एवढाच प्रश्न असता, तर हे परीक्षण चार ओळींत संपले असते, कारण पैसे पोहोचतात. परंतु हे ॲप स्वतःची ओळख ‘पूर्ण मनाने देण्यास साहाय्य करणारे साधन’ अशी करून देते. दावा मोठा आहे आणि तो थेट पवित्र शास्त्रातून उचललेला आहे. बायबलमधील ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात दावीद राजा मंदिरासाठी आपल्या खाजगी धनातून ओफीरचे ३,००० किक्कार (वजनाचे जुने माप) सोने आणि ७,००० किक्कार शुद्ध रुपे देतो, त्याच्यामागोमाग सरदारही देतात, आणि लोकांना आनंद होतो तो या अफाट आकड्यांचा नव्हे, तर ते सर्व पूर्ण मनाने व स्वखुशीने दिले गेले याचा. ॲपने दावा तिथला केला असेल, तर त्याला मापही तिथलेच लावले पाहिजे.

सर्वांत जास्त वापरली जाणारी सोय नियमित अर्पणाची आहे. आपण रक्कम आणि तारीख एकदा ठरवून दिली की दर आठवड्याला किंवा दर महिन्याला ती रक्कम खात्यातून आपोआप मंडळीकडे जाते. या सोयीवर आमच्याकडे ज्येष्ठांचा मोठा आक्षेप होता: उपासनेत थैली समोर आल्यावर हात खिशाकडे जातो तेव्हा मनही हलते, यंत्राने कापून घेतलेल्या रकमेत मन कुठे असते? आक्षेप हलका नाही, पण मला तो पटलेला नाही. प्रेषित पौलाने यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, पत्रातून जी सूचना दिली, ती नेमकी उलट दिशेची होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो स्वतः आल्यावर ऐन वेळी गोळा करण्याची धावपळ होणार नाही, असे त्याने लिहिले. आपल्या उपस्थितीचा, आपल्या शब्दांनी उचंबळून येणाऱ्या भावनेचा लाभ त्याला घ्यायचाच नव्हता. पुढे दुसऱ्या पत्रात दिसते की करिंथकरांचा उत्साह वर्षभरापूर्वीपासूनचा होता, पण काम अर्धवट राहिले होते, आणि जसा उत्साह दाखवला तसे पूर्णही करा, असे त्याला सांगावे लागले. ठरवणे मनाने होते आणि ते टिकवायला शिस्त लागते. ज्याने एकदा शांतपणे, घरच्यांशी बोलून, प्रार्थनापूर्वक रक्कम ठरवली आहे, त्याचे मन त्या ठरवण्यात पूर्ण उतरलेले असते, आणि पुढची कामे यंत्राने केल्याने ते कमी होत नाही.

एक सुधारणा मात्र इथे सहज करता आली असती. रक्कम एकदा ठरली की ॲप पुन्हा कधीही विचारत नाही. मिळकत वाढली, नोकरी गेली, घरात आजारपण आले, तरी तीच रक्कम त्याच तारखेला जात राहते. पौलाने ‘मिळकतीच्या मानाने’ म्हटले ते दर आठवड्याच्या संदर्भात. म्हणजे नियमितपणाबरोबर फेरविचारही त्यात गृहीत होता. वर्षातून दोनदा ‘ही रक्कम अजून योग्य वाटते का?’ एवढा साधा प्रश्न पडद्यावर आला, तर मोठे देणारे जागे होतील आणि ओढग्रस्तीतल्यांना न संकोचता रक्कम कमी करता येईल.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. नवीन खाते उघडताना ॲप आपली मासिक मिळकत विचारते आणि तिचा दहावा भाग काढून तो आकडा रकमेच्या रकान्यात आधीच भरून ठेवते. आपण तो कमी केला की रकाना नारिंगी होतो आणि खाली मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील दशांश भांडारात आणण्याचे वचन दिसते. आकडा दहा टक्क्यांना पोहोचला की हिरवी खूण येते. रचनाकारांना यात मदत करण्याचा भाव दिसला असेल, मला मात्र तगादा दिसतो.

दशांशाचा विषय शास्त्रात या पडद्याइतका सोपा नाही. ‘गणना’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात दशांश लेव्यांचा, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या कुळाचा, आहे, कारण देशात त्यांना जमिनीचे वतन नव्हते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात तोच दशांश देणाऱ्याने आपल्या घराण्यासह परमेश्वरासमोर आनंदाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायचे आहे. जमीन, पीक, गुरे आणि वतन नसलेले याजककुळ अशा एका संपूर्ण व्यवस्थेचा तो भाग होता. येशूने दशांशाचा उल्लेख केला तो पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजणाऱ्या, पण न्याय, दया व विश्वास सोडून देणाऱ्या शास्त्री-परूश्यांना, म्हणजे नियमांचा कडक आग्रह धरणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, फटकारताना. दशांश देणे सोडा, असे तो तिथे म्हणत नाही, हे खरे. पण भार कशावर आहे ते स्पष्ट आहे. पौल तर करिंथकरांना दोन अध्याय भरून देण्याविषयी लिहितो आणि त्यात कोठेही टक्केवारी सांगत नाही. ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने ते मान्य होते, जे नाही त्या मानाने नव्हे, हे त्याचे सूत्र आहे. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, हे त्याचे दुसरे सूत्र. नारिंगी रकाना या दुसऱ्या सूत्राच्या थेट विरुद्ध जातो.

पहिल्या शतकांतील मंडळीही हे जाणून होती. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन इ. स. १९७च्या सुमारास ख्रिस्ती लोकांचे समर्थन करताना लिहितो की आमच्याकडे महिन्यातून एकदा, इच्छा असेल तर आणि ऐपत असेल तरच, प्रत्येक जण लहानसे अर्पण टाकतो. कोणावर सक्ती नाही. ते पैसे गरिबांचे अन्न व दफन, अनाथ मुले, थकलेले दास आणि विश्वासापायी खाणींत किंवा बेटांवर पाठवलेले कैदी यांच्यासाठी जात. दशांश न देणाऱ्याला मंडळीतून बहिष्कृत करण्याची भाषा आली ती बरीच नंतर, इ. स. ५८५मध्ये आजच्या फ्रान्समधील माकोन येथील धर्मपरिषदेत, आणि ७७९मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या फर्मानाने तो राजाज्ञेचाही विषय झाला. दहा टक्के देणाऱ्यांविषयी मला आदरच आहे; अनेकांसाठी ती एक सुंदर सुरुवात असते. पण आधीच भरून ठेवलेला रकाना दोन्ही टोकांना नुकसान करतो. कर्जाचे हप्ते भरून मेटाकुटीला आलेल्या माणसाला तो अपराधी ठरवतो, आणि ज्याच्या मिळकतीचे नव्वद टक्केही गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत त्याला हिरवी खूण देऊन निश्चिंत करतो. हे दुसरे नुकसान पहिल्याइतकेच गंभीर आहे, कारण आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करणाऱ्या जक्कयाला त्या पडद्याने पन्नास टक्क्यांच्या किती तरी अलीकडेच ‘झाले’ म्हणून सांगितले असते.

आठवण करून देणाऱ्या संदेशांचा सूरही याच जातीचा आहे. ‘पेराल तेवढे कापाल’, ‘आकाशकपाटे उघडतील’ अशी वाक्ये महिनाअखेरीस येतात. पौलाने पेरणीचे उदाहरण दिले आहे, पण त्याच परिच्छेदात देवाने विपुल देण्याचे कारणही सांगितले आहे: तुम्हांला प्रत्येक चांगल्या कामासाठी पुरेसे असावे. परताव्याचे आमिष दाखवून घेतलेले अर्पण हे गुंतवणुकीच्या जवळ जाते. आमच्या समितीने हे संदेश बंद केले. सेटिंगमध्ये तशी सोय आहे, पण ती शोधावी लागते, आणि मूळ स्थितीत ते चालू असतात.

किमान रकमेची अटही अशीच. एका ठरावीक रकमेखाली अर्पण स्वीकारले जात नाही, कारण व्यवहाराचा खर्चच त्याहून जास्त होतो, असे सेवेच्या मदत विभागाने कळवले. कारण व्यावहारिक आहे आणि मला ते समजते. पण ज्या विधवेच्या दोन टोल्यांविषयी (अगदी लहान नाण्यांविषयी) येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले, तिचे अर्पण या ॲपने ‘रक्कम अपुरी’ म्हणून परत केले असते. आणि तिचेच चित्र ॲपच्या पहिल्या पडद्यावर आहे!

त्या चित्रावरून ‘कृतज्ञता फलक’ या सोयीविषयी. महिन्याच्या शेवटी, परवानगी दिलेल्या देणगीदारांची नावे एकूण रकमेच्या क्रमाने फलकावर दिसतात. बचावासाठी काही मुद्दे आहेत, हे मान्य केले पाहिजे. दावीदाने आपले अर्पण लोकांसमोर जाहीर केले होते आणि त्यामुळेच सरदारांना स्फूर्ती झाली. आरंभीच्या मंडळीतील बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले, हे प्रेषितांच्या कृत्यांत नावानिशी लिहिले आहे. पौल स्वतः ग्रीसच्या उत्तरेकडील मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण करिंथकरांपुढे ठेवतो. म्हणजे दानाचा उल्लेख होणे हे मुळात पाप नाही. परंतु पौल मासेदोनियाच्या लोकांची जी गोष्ट सांगतो ती त्यांच्या कमालीच्या दारिद्र्याची आणि त्यातून निघालेल्या औदार्याची आहे. रक्कम किती होती हे तो सांगतच नाही. बर्णबाच्या लगेच पुढे हनन्या व सप्पीरा येतात, ज्यांनी जमीन विकून आलेल्या किमतीचा काही भाग ठेवून घेतला आणि सगळे दिल्याचा देखावा केला. प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते. म्हणजे थोडे दिल्याचा दोष नव्हता, दोष खोटेपणाचा होता. फलकामुळे मिळणारा मान हा अशा खोटेपणाला आयते आमंत्रण आहे.

रकमेच्या क्रमाने नावे लावणे तर सर्वांत वाईट. मंदिराच्या दानकोशासमोर बसून येशूने जो हिशेब केला, त्यात श्रीमंतांनी किती टाकले याला महत्त्व नव्हते, मागे काय उरले याला होते. इतरांनी आपल्या समृद्धीतून टाकले, तिने आपली सगळी उपजीविका टाकली. कोणत्याही ॲपला देणाऱ्याकडे मागे काय उरले हे ठाऊक नसते, त्यामुळे त्याने लावलेला कोणताही क्रम चुकीचाच असणार. त्या प्रसंगाच्या अगदी आधीचे वाक्यही विसरू नये, कारण अर्पणावरच्या उपदेशांत ते सहसा गाळले जाते: विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा. गरीब विधवेचे कौतुक आणि तिला लुबाडणाऱ्यांचा निषेध मार्काच्या शुभवर्तमानात पाठोपाठ आले आहेत. ज्या मंडळीला पहिला भाग भिंतीवर लावायचा असेल तिने दुसराही लावावा. फलक बंद ठेवता येतो. आम्ही तो बंद ठेवला आहे आणि इतरांनाही तोच सल्ला देईन.

इतके दोष सांगूनही मी या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे देतो, आणि ते प्रामुख्याने तिच्या हिशेबाच्या भागासाठी आहेत. प्रत्येक अर्पण कोणत्या निधीसाठी आहे हे देणाऱ्याला निवडता येते, त्या निधीत एकूण किती जमले, किती खर्च झाले, कशावर झाले आणि बिलाची प्रत कुठे आहे, हे सर्व सभासदांना दिसते. खर्चाची नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने मान्य करायची, अशी रचना आहे. एकट्या खजिनदाराला, अगदी पाळकांनाही, ती ओलांडता येत नाही. ज्यांनी कागदी वह्यांवर वर्षाचा ताळेबंद जुळवला आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. उदार दानाबद्दल बोलताना आपण देणाऱ्याच्या मनाविषयी पुष्कळ बोलतो आणि घेणाऱ्याच्या हाताविषयी फारच कमी. पौलाने ते टाळले नाही. यरुशलेमेला नेण्याच्या वर्गणीच्या कामासाठी त्याने आपला सहकारी तीत याला आणि मंडळ्यांनी नेमलेल्या बंधूला पाठवले, आणि कारण सरळ लिहिले: या मोठ्या रकमेच्या कामात कोणी आम्हांला दोष लावू नये, जे केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य ते आम्ही पाहतो. प्रेषिताला स्वतःवर साक्षीदार नेमून घ्यावेसे वाटले, तर आजच्या कोणत्याही सेवकाला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

जॉर्ज म्यूलर यांचे उदाहरण इथे आठवते. ब्रिस्टल येथे १८३६मध्ये त्यांनी अनाथाश्रम सुरू केला, तो पुढे हजारो मुलांचे घर झाला. ते लोकांकडे पैसे मागत नसत, प्रार्थना करीत. विश्वासाचा हा भाग सर्वांना माहीत असतो. पण त्यांचे वार्षिक अहवाल किती बारकाईचे असत, लहानमोठी अर्पणे देणाऱ्यांची नावे न छापता त्यांत कशी नोंदलेली असत, हे तितके सांगितले जात नाही. मागण्यात संकोच आणि सांगण्यात मोकळेपणा, हा त्यांचा क्रम. हे ॲप आज नेमके उलट करते: मागण्यात मोकळे आहे, आणि हिशेबाचे पान मात्र चार टप्पे आत दडवून ठेवते. हिशेब पहिल्या पडद्यावर आणावा.

याच भागातील एक लहान सोय मला मनापासून आवडली. विशेष निधीला उद्दिष्ट ठरवता येते आणि ते पूर्ण झाले की तो निधी आपोआप बंद होतो. त्यानंतर पैसे पाठवू पाहणाऱ्याला ‘गरज भागली आहे, धन्यवाद’ एवढेच दिसते. निवासमंडपाच्या (रानातील उपासनेच्या तंबूच्या) कामासाठी इस्राएल लोक दररोज सकाळी इतके आणू लागले की कारागिरांनी काम थांबवून मोशेला येऊन सांगितले, आणि मोशेने छावणीत दवंडी पिटवून लोकांना आणण्यापासून आवरले. आता पुरे, असे म्हणू शकणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास लवकर बसतो. आमच्या मंडळीत छताच्या दुरुस्तीचा निधी असा बंद झाला तेव्हा काही सभासद नाराज झाले, त्यांना आणखी द्यायचे होते. त्यांना गरजू कुटुंबांच्या निधीकडे वळवले गेले.

पावत्या, पासवर्ड, भाषा बदलण्याची सोय वगैरे ठीक आहेत. मराठी मजकूर कुठे कुठे यांत्रिक आहे, पण समजतो. मदत विभाग उत्तर देतो, सावकाश.

सर्वांत दुबळा भाग म्हणजे ‘वेळ व सेवा’ हा विभाग. आजाऱ्याला भेटायला जाणे, मुलांना शिकवणे, एखाद्या वृद्ध सभासदाला उपासनेला आणणे अशा कामांसाठी नाव नोंदवता येते, परंतु हा विभाग पैसे भरून झाल्यावर, पावतीच्या खाली, बारीक अक्षरांत येतो. कोणी नाव नोंदवले तरी पुढे कोणाकडे सूचना जाते ते कळत नाही. आमच्याकडे बरीच नावे तशीच पडून होती. पूर्ण मनाने देण्याचा दावा करणाऱ्या साधनात हा क्रम उलटा असायला हवा होता. मासेदोनियाच्या लोकांविषयी पौलाला जे अनपेक्षित वाटले ते हेच, की त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले आणि मग वर्गणी दिली. दावीदाचा सरदारांना प्रश्नही ‘किती देणार’ असा नव्हता. आज स्वतःला परमेश्वराला वाहून घ्यायला कोण तयार आहे, असा होता. रोमकरांस पत्रात शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्याची विनंती येते, आणि औदार्याने दान करण्याचा उल्लेख त्यानंतर, सेवा, शिक्षण, बोध अशा अनेक देणग्यांच्या रांगेत येतो. ज्याच्याकडे पैसा नाही पण वेळ आहे, त्या सभासदाला हे ॲप आज काही देऊ देत नाही. आणि ज्याच्याकडे पैसा आहे पण वेळ द्यायची इच्छा नाही, त्याला ते फार स्वस्तात मोकळे करते.

हे वाचून एखादी मंडळी ही सेवा घेणार असेल, तर पहिल्याच दिवशी मिळकतीचा रकाना, आठवणींचे संदेश आणि फलक बंद करून घ्यावा, आणि हिशेबाच्या पानाची लिंक सर्वांना वेगळी पाठवावी. अर्पणाची थैलीही चालू ठेवावी, निदान किमान रकमेची अट आहे तोपर्यंत. आणखी एक गोष्ट सेवा देणाऱ्यांकडून लेखी मागून घ्यावी. नियमित अर्पण सुरू करायला दोन वेळा बोट लावावे लागते, परंतु ते थांबवायचे असेल तर मंडळीच्या कार्यालयाला अर्ज करून कारण सांगावे लागते. ज्याची नोकरी गेली आहे त्याने ते कारण कार्यालयातील ओळखीच्या माणसाला का सांगावे? थांबवण्याचे बटण सुरू करण्याच्या बटणाशेजारीच हवे, तेवढ्याच आकाराचे, आणि त्यावर कसलेही वचन नको.